२१५ किलोमीटर

"ताई, काळजी करू नकोस. चिकलठाणा ते नांदेड २१५ किलोमीटर दाखवतंय. पावणेसहाला उतरलो की नवाच्या आत आईजवळ पोचतो."

धाकट्या भावाचा हा फोन आला तेव्हा मी नांदेडला दवाखान्यात आईच्या उशाशी बसले होते. २०२४चा नोव्हेंबर. आई न्हाणीत पाय घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ठरलं होतं. भाऊ बंगळुरूला नोकरीला. नांदेडला येणारं त्याचं विमान सकाळीच रद्द झालं. मग त्यानं मोबाइलवर नांदेडच्या जवळचं विमानतळ शोधलं, तर संभाजीनगरचं चिकलठाणा निघालं. दोन्ही विमानतळांची नावं टाकली तर उत्तर आलं, अंतर २१५ किलोमीटर, विमानाने पाऊण तास. त्यानं लगेच मुंबईमार्गे संभाजीनगरचं तिकीट काढलं. विमानाला पाऊण तास लागतो तर गाडीला तीन तास पुरे, असा त्याचा हिशोब.

मी सेलूला हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते, एकोणीस वर्षं झाली. २१५ हा आकडा ऐकताच मी त्याला तिथंच थांबवायला हवं होतं. पण त्या दिवशी डोक्यात रक्ताच्या बाटल्या, एक्स-रे आणि फॉर्मवरच्या सह्या होत्या. मी "बरं, ये सावकाश" म्हणाले आणि आईला सांगितलं, नवापर्यंत येतोय.

आईनं विचारलं, "विमान किती वाजता उतरतंय म्हणलीस?"

"पावणेसहाला."

तिनं डोळे मिटले. सलाईन लावलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटांची पेरं अंगठ्यानं मोजत गेली. "भाईर पडायला साडेसहा. जालन्याला पावणेआठ. वाटूरला जेवतील. मंठा सव्वानऊ. जिंतूर धा. औंढा, वसमत... बारा वाजतील माय. त्याला म्हणावं, घाई करू नको. उपाशी येऊ नको."

माझे वडील एसटीत वाहक होते. नांदेड आगाराची औरंगाबाद गाडी त्यांच्याकडे कितीतरी वर्षं होती. घरात फोन नव्हता. संध्याकाळी किती वाजता भाकरी टाकायची हे आई घड्याळ बघून ठरवायची, आणि त्या घड्याळावर तिच्या लेखी आकडे नव्हतेच, गावं होती. आता जालना, आता मंठा, आता जिंतूरच्या स्टँडवर चहा. पावसाळ्यात ती प्रत्येक गावाला थोडी थोडी मिनिटं वाढवून धरायची. उसाच्या दिवसांत आणखी थोडी.

माझे यजमान दुपारीच सेलूहून आमची गाडी घेऊन चिकलठाण्याला निघाले होते. सहा वाजता त्यांचा फोन आला, विमान उतरलं. पण माणूस उतरला असा त्याचा अर्थ होत नाही. विमान धावपट्टीवरून वळून थांब्याला लागायचं, शिडी लागायची, रांगेनं उतरायचं, मग सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहायचं. भाऊ बाहेर आला तेव्हा सहा पंचवीस झाले होते. एक बरं आहे, चिकलठाण्याचं विमानतळ जालना रोडवरच, शहराच्या जालन्याकडच्या बाजूला आहे. नांदेडकडे येणाऱ्याला शहरात शिरावं लागत नाही. ते पश्चिमेच्या टोकाला असतं तर आणखी पाऊण तास गेला असता.

तिथून पुढं दर अर्ध्या तासानं आईचा एकच प्रश्न. "कुठवर आलाय?"

"करमाड सोडलं."

"बदनापूर आलं."

"जालन्यात आहेत, गर्दी लागली."

दर वेळी ती मान हलवायची. वाटूरला त्यांनी जेवून घेतलं. पुढं साखर कारखान्याकडं निघालेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, त्यांना मागं दिवा नाही, उसाची टोकं ट्रॉलीच्या बाहेर दोन्हीकडं हात-हातभर आलेली. ह्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "चाळीसच्या वर जाता येत नाही." मंठा सव्वानऊला, देवगाव फाटा साडेनऊला. देवगाव फाट्यावरून आमचं घर पंधरा-सतरा किलोमीटर. मी म्हणाले, घरी थांबा, पहाटे निघा. भाऊ म्हणाला, "नाही ताई, ऑपरेशनच्या आधी तिला बघायचंय." जिंतूर दहाला. औंढा पावणेअकराला. वसमत सव्वाअकराला.

बारा वाजून पाच मिनिटांनी तो वॉर्डाच्या दारात उभा होता. पायातले बूट काढून हातात घेतलेले, अंगावर सकाळचाच शर्ट. आई जागी होती. तिच्या तोंडून पहिला शब्द आला, "जेवलास का?"

ऑपरेशन नीट झालं. हे सगळं लिहायचं कारण पुढं आहे.

आठवडाभरानं शाळेत रुजू झाले. नववीच्या वर्गात अक्षांश-रेखांशांचा सराव चालू होता. मनातून तो आकडा जात नव्हता, म्हणून फळ्यावर लिहिलं. चिकलठाणा विमानतळ: १९.८६ उत्तर, ७५.४० पूर्व. नांदेड विमानतळ: १९.१८ उत्तर, ७७.३२ पूर्व. म्हटलं, काढा अंतर.

अक्षांशांतला फरक ०.६८ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे दक्षिणेकडं साधारण ७५ किलोमीटर खाली उतरायचं. रेखांशांतला फरक १.९२ अंश. रेखावृत्तं ध्रुवाकडं जवळ जवळ येत जातात, त्यामुळं आपल्या भागात एका अंशाला १११ नाही, १०५ च्या आसपास किलोमीटर येतात. म्हणजे पूर्वेकडं २०१ किलोमीटर. काटकोन त्रिकोण झाला. पायथागोरस मुलांना सातवीपासून पाठ आहे. दोन मिनिटांत तीन वह्यांवर एकच उत्तर आलं, २१५. भावाच्या मोबाइलनं जे सांगितलं होतं ते अगदी बरोबर होतं.

पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मग सहा तास कसे लागले?"

हा प्रश्न मला फार आवडला. मी भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा खाली उतरवून टेबलावर पसरला. एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर असं त्याचं प्रमाण. घरून गोधडीचा लाल दोरा आणला होता. एका मुलीनं चिकलठाण्यावर दोऱ्याचं टोक दाबून धरलं, दुसरीनं नांदेडवर. दोरा ताणला. साडेएकवीस सेंटिमीटर.

मग तोच दोरा रस्त्यावरून फिरवायला सांगितला. तो मुलगा नखानं दोरा दाबत दाबत पुढं सरकला. आधी जालना, मग खाली वाटूर-मंठ्याकडं वळण, मग जिंतूर, मग औंढा, तिथून पुन्हा खाली वसमत आणि नांदेड. प्रत्येक वळणावर दोरा थोडा थोडा खर्च होत होता. औंढ्याला पोचला तेव्हा मूळ मापाचा दोरा संपत आला होता आणि पुढं वसमत, नांदेड उरलेलंच होतं. सगळे टेबलावर वाकले होते, मागच्या बाकावरची पोरं बाकावर चढून बघत होती. साडेचार सेंटिमीटर दोरा कमी पडला. म्हणजे साधारण ४५ किलोमीटर. गाडीच्या काट्यावरही २६० च्या आसपास निघाले होते, तेव्हा हिशोब जुळला.

पण ४५ किलोमीटर म्हणजे फार तर एक तास. सहा तास लागायला नुसतं अंतर पुरत नाही. मी त्यांना दर तासाला किती किलोमीटर जाता येतं ते विचारलं. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, ज्यांचे वडील टेम्पो चालवतात, त्यांनी लगेच सांगितलं. दिवसा मोकळा रस्ता असेल तर साठ, गावातून वीस, रात्री उसाच्या हंगामात चाळीस-पन्नास. थांबे धरून सरासरी पंचेचाळीस-पन्नासच पडते. हे मोबाइलला आधी कळलं नाही, माझ्या आईला कळलं होतं.

मग विमानाची गोष्ट निघाली. दोन विमानतळांचं अंतर काढताना पृथ्वीच्या गोलावरची सगळ्यात जवळची रेषा घेतात. लांबच्या प्रवासात ही रेषा सपाट नकाशावर वाकडी दिसते, म्हणून अमेरिकेला जाणारी विमानं उत्तरेकडं चढलेली वाटतात. चिकलठाणा-नांदेड एवढ्या अंतरात हा वाकडेपणा जाणवतच नाही. विमानवाले हेच अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटर, म्हणजे २१५ किलोमीटर हे त्यांच्या लेखी ११६ सागरी मैल.

आणि तो "पाऊण तास"? दोन नावं टाकली की गणित आपोआप होतं. अंतर घ्यायचं, विमानाच्या वेगानं भागायचं, उड्डाण आणि उतरण्याचे काही मिनिटं वर घालायचे. असं विमान खरोखर सुटतं की नाही याच्याशी त्या उत्तराचा काही संबंध नसतो. नांदेडहून चिकलठाण्याला थेट विमान नाही. विमानानंच जायचं म्हटलं तर आधी हैदराबादसारखं मोठं शहर गाठावं लागेल. नांदेड ते हैदराबाद सरळ रेषेत २४६ किलोमीटर, हैदराबाद ते चिकलठाणा ४३२. म्हणजे २१५ किलोमीटरसाठी ६७८ किलोमीटर उडायचं, मध्ये विमान बदलायचं, दोनदा सामान तपासायचं. एवढ्यात माणूस रस्त्यानं जाऊन पोचतो.

जी विमानं खरोखर सुटतात त्यांच्याही वेळापत्रकातला वेळ वेगळाच असतो. मुंबई ते संभाजीनगर सरळ रेषेत २७९ किलोमीटर. मोठं जेट विमान वर गेल्यावर तासाला आठशेच्या आसपास जातं, म्हणजे वीस-एकवीस मिनिटं व्हायला हवीत. वेळापत्रकात एक तास लिहिलेला असतो आणि तो बरोबर असतो. दार बंद झाल्यापासून दार उघडेपर्यंतचा हा वेळ. मुंबईला धावपट्टीच्या रांगेत उभं राहणं, चढणं, वेग धरेपर्यंत पुन्हा उतरायला लागणं, वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेत येणं, हे सगळं त्यात. छोट्या प्रवासात विमान खऱ्या वेगानं फार थोडा वेळ उडतं. त्यात घरून निघणं, तासभर आधी काउंटर बंद होतं म्हणून दीड-दोन तास आधी पोचणं, हे प्रवाशानं आपलं आपण धरायचं.

एक हिशोब मी नंतर पुन्हा पुन्हा केला. भावानं त्या दिवशी बंगळुरूहून हैदराबाद गाठलं असतं आणि तिथून संगारेड्डी-देगलूर मार्गे गाडीनं आला असता, तर? हैदराबादला बंगळुरूहून दिवसभर विमानं असतात. रस्ता तीनशेच्या घरात, चिकलठाण्यापेक्षा तीस-पस्तीस किलोमीटर जास्त, पण मुंबईचा फेरा वाचला असता आणि तो दिवेलागणीला आईजवळ बसला असता. मोबाइलवर २१५ आणि २४६ शेजारी शेजारी ठेवले की पहिला आकडा लहान दिसतो, म्हणून त्यानं तो घेतला. तुमचं कुणी असंच घाईत नांदेडला निघालं असेल, तर विमानतळांतलं अंतर बघू नका. पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत किती तास, एवढंच बघा. हैदराबाद पण तपासा.

दोऱ्याकडं परत येते. दोरा ताणलेला होता तेव्हाच एका मुलीनं खाली वाकून बघितलं आणि ओरडली, "मॅडम, हा तर आपल्या सेलूवरून चाललाय!"

खरंच. चिकलठाणा ते नांदेड सरळ रेषा काढली तर ती परतूरच्या आणि आमच्या सेलूच्या अगदी जवळून जाते. जालना पंधरा-सोळा किलोमीटर उत्तरेला राहतं, परभणी दहा-बारा किलोमीटर दक्षिणेला. रस्ता मात्र औंढ्याला या रेषेपासून जवळजवळ तीस किलोमीटर वर चढलेला असतो. आणि या रेषेला धरून कोण चालतं? रेल्वे. जालना, रांजणी, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड. रुळांवरून हे अंतर २३५ च्या आसपास भरतं, सरळ रेषेपेक्षा फक्त वीसेक किलोमीटर जास्त. ही लाईन निजामाच्या काळातली, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, १९०० साली मनमाडपर्यंत पूर्ण झालेली. नावातच खोरं आहे. दुधना-पूर्णा-गोदावरीच्या सखल जमिनीनं ती गेली. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांनी ती आखली त्यांच्यापेक्षा सरळ वाट आजवर कुणी केलेली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता वंदे भारत नांदेडपासून सुटते. २०२३च्या डिसेंबरात ती जालन्याहून सुरू झाली, २०२५च्या ऑगस्टमध्ये नांदेडपर्यंत आली. पहाटे पाचला नांदेड सोडते आणि साधारण सव्वातीन तासांत संभाजीनगरला असते. आमच्या रस्त्याच्या निम्म्या वेळेत. जालना-नांदेड द्रुतगती मार्गाचं पण चालू आहे, समृद्धीला जोडणारा, १७९ किलोमीटरचा. जमिनी जातायत त्यांच्या घरातली मुलं माझ्या वर्गात आहेत, त्यामुळं त्या रस्त्याबद्दल मी एका वाक्यात बरं-वाईट बोलणार नाही. मोबदला वेळेत आणि पुरता मिळावा. आणि रस्ता व्हावा. खुबा मोडलेल्या, छातीत कळ आलेल्या माणसाला पाच तास आणि अडीच तास यांत काय फरक असतो हे मी त्या वॉर्डात बघितलंय.

विमानतळांनाही मी कमी लेखत नाही. नांदेडचं विमानतळ शिखांच्या गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला, २००८ साली, नव्यानं उभं राहिलं. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेच्या पहिल्या विमानांमध्ये नांदेड-हैदराबादचं नाव होतं, तेव्हा आम्ही शाळेत ती बातमी परिपाठात वाचली होती. विमानं येतात, बंद होतात, पुन्हा येतात. ती टिकून राहावीत असं मनापासून वाटतं, कारण लेकरं आता बंगळुरू-पुण्याला आणि आई-बाप इथं, हे घराघरात झालंय.

त्या तासाला घंटा झाली तरी मुलं टेबलाभोवतीच होती. त्या मुलीनं विचारलं, "मॅडम, वरून जाणाऱ्याला आपली शाळा दिसत असंल का?" मी म्हणाले, दुधनेचं धरण दिसत असेल, पाणी चमकतं ना. ती खिडकीतून वर बघत राहिली. तो लाल दोरा अजून माझ्या कपाटात आहे, साडेएकवीस सेंटिमीटरवर गाठ मारलेला.

आई आता काठी घेऊन घरात फिरते. भाऊ दिवाळीला आला तेव्हा हैदराबादमार्गेच आला. मी महिन्यातून दोनदा शनिवारी शाळा सुटल्यावर रेल्वेनं नांदेडला जाते. परवाही गाडीत बसले आणि डोळा लागला. फोन वाजला.

"कुठवर आलीस गं?"

खिडकीतून पाटी बघितली. "परभणी सोडलं आई."

"मग पूर्णा आलं की फोन कर. तवा ठेवायला सांगते."